बुरशी धरली म्हणजे पेंड झाली?

"सोयाबीनचं भुसकट भिजवून झाकून ठेवा, बुरशी धरली की प्रोटीन तयार, पेंडीचा खर्च वाचला." कराड-वाळव्याकडच्या गोठेवाल्यांना ओळखीचा वाटावा असा हा सल्ला.

तो पटतो, कारण अर्धा खरा आहे. बुरशीच्या तंतूंत प्रोटीन असतंच. पण त्याला नत्र लागतं, आणि बुरशी हवेतला नत्र घेऊ शकत नाही. भुसकटात असेल तेवढाच. उलट वाढताना ती भुसकटातला कार्बन खर्चते, वजन घटतं आणि प्रोटीनचा टक्का फुगतो. समजा १०० किलोत ४ टक्के, म्हणजे ४ किलो; ८० किलोत ५ टक्के, तरी ४ किलोच! आधी आणि नंतर वाळवून वजन करा, घट दिसेल.

खऱ्या प्रक्रियेत भुसकट वाफवतात, निवडक बुरशीचं विरजण लावतात, नत्र बाहेरून मोजून देतात. उकिरड्याशेजारच्या ढिगात कोणती बुरशी येईल, हे आपल्या हातात नाही. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडतात. ते दुधात उतरतं, उकळूनही जात नाही.

असं भुसकट प्रयोगशाळेत तपासायला दिलंत, तर प्रोटीनसोबत अफ्लाटॉक्सिनची तपासणीही मागा. नुसता 'क्रूड प्रोटीन'चा आकडा म्हणजे नत्र गुणिले ६.२५, त्यात युरियाही प्रोटीन म्हणून मोजला जातो.