स्मार्टकार्डवर जादा भाडे का कापले जाते? वादाची पार्श्वभूमी

हाँगकाँगमध्ये 1997 साली आणि लंडनमध्ये 2003 साली बस-रेल्वेच्या भाड्यासाठी स्मार्टकार्ड आले. या पिढीच्या कार्डांत शिल्लक रक्कम चिपवरच असते आणि भाड्याचा हिशेब गेटवरचे यंत्र तिथल्या तिथे करते. अंतरानुसार भाडे घ्यायचे तर चढल्याची आणि उतरल्याची, दोन्ही नोंदी लागतात. दुसरी नोंद मिळालीच नाही तर काय करायचे? जादा भाड्याचे बरेच वाद इथूनच सुरू होतात.

लंडनमध्ये सुरुवातीला अशा वेळी कमी भाडे कापले जाई. गेट नसलेल्या स्टेशनांवर उतरणारे काही जण त्याचा फायदा घेत. म्हणून नोव्हेंबर 2006 मध्ये नियम उलटा केला गेला: आत जातानाच कमाल भाडे कापायचे, बाहेर पडताना कार्ड टेकवले की फरक परत द्यायचा. फुकट्यांना आळा घालायला हे ठीक होते. पण पुराव्याचा भार आला प्रवाशावर, आणि त्याच्या हातात तर साधी चिठ्ठीही नव्हती. यंत्र बंद असो, गर्दीमुळे गेट उघडी ठेवलेली असोत, की घाईत कार्ड नीट टेकलेले नसो, कापली जाणारी रक्कम तीच. त्यात एका प्रवासाला वेळेची मर्यादा. गाडी रखडून प्रवास लांबला की यंत्र एकाच प्रवासाचे दोन अर्धवट प्रवास धरते आणि कमाल भाडे दोनदा लागते. परतावा मंजूर झाला तरी पैसे चिपवर चढवायला ठरलेल्या स्टेशनवर जाऊन कार्ड टेकवावे लागे. थोड्या रकमेसाठी इतका खटाटोप किती जण करणार?

नेदरलँड्समध्ये कार्ड देशभर एकच, पण रेल्वे कंपन्या अनेक. गाडी बदलताना एकाच स्टेशनवर एका कंपनीच्या कार्ड टेकवायच्या खांबावर उतरल्याची आणि दुसरीच्या खांबावर चढल्याची नोंद करायची. खांब चुकला की चढताना कापलेली अनामत अडकली, आणि रेल्वेसाठी ती 20 युरोपर्यंत होती.

2014 पासून लंडनच्या भुयारी रेल्वेत बँकेचे कार्ड थेट चालू लागले. आता हिशेब दिवसाअखेर मध्यवर्ती संगणकावर होतो, त्यामुळे राहून गेलेली नोंद नंतरही भरून काढता येते. तरी सकाळी कार्ड आणि संध्याकाळी त्याच खात्याला जोडलेला फोन टेकवला, तर यंत्रणा दोन वेगळे प्रवासी धरते आणि दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा दोन्हींना मिळून लागू पडत नाही. शिवाय बँकेच्या विवरणात दिवसाची एकच रक्कम दिसते; कोणत्या प्रवासाचे किती कापले हे त्यात कळत नाही.