वायरलेसचं दुखणं वायरीत

दिवाळीनंतर कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि नेमकं तेव्हाच वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरवर पावतीचं चक्र फिरत राहतं. "नवीन वाय-फाय घेऊन टाका ना बाप्पा," शेटजी वैतागतात. हिंगणघाट-वणी पट्ट्यात कुठंही ऐकू येईल असं वाक्य. वाय-फाय ६च्या राउटरचा डबा येतो, चार अँटेनांचा, ऐटबाज. रांग तेवढीच राहते.

वाय-फाय ६ खोटं नाही. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या या मानकाची खरी करामत वेगापेक्षा वाटणीत आहे. आधीच्या पद्धतीत राउटरच्या एका फेरीत सहसा एकाच यंत्राचा माल जायचा, मग तो एक पोतं असो की ट्रॉलीभर. आता २० मेगाहर्ट्‌झच्या अरुंद चॅनेलमध्येही, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातही, एका फेरीत नऊ जणांची पोती लादता येतात. काटा, कॅमेरे, क्यूआरवर पैसे घेणारे फोन एकदम बोलतात तिथं याचा फायदा होतो. अट एवढीच की समोरचं यंत्रही वाय-फाय ६चं हवं.

पण हा डबा टांगला जातो जुन्याच तारेला. केबली एकमेकींना जोडणाऱ्या जुन्या स्विचची धाव सेकंदाला १०० मेगाबिट. एक कॅमेरा ४ मेगाबिट खात असेल, तर सोळा कॅमेऱ्यांतच ६४ गेले. गिगाबिटला, म्हणजे त्याच्या दहापट वेगाला, केबलमधल्या आठही तारा लागतात, १००ला चारच पुरतात. सरकीवर पोसलेल्या उंदरानं त्यातली एखादी कुरतडली, की जोडणी बरेचदा मुकाट १००वर उतरते. कुणाला कळतही नाही. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं. त्याच तारेतून वीजही पाठवायची असेल तर ती केबल घेऊच नका. पाचशे रुपये वाचतील आणि ऐन सीझनमध्ये ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारा डबा, बंद पडेल.

मग टिनाचं शेड. कोरड्या कापसाच्या गंजीत बहुतेक हवाच असते, त्यामुळे लहरी तिच्यातून बऱ्यापैकी पार होतात. पत्रा मात्र त्यांना आरसाच. धातूचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका थरही त्यांना अडवायला पुरतो. ऑफिसातला राउटर कितीही भारी असला तरी शेडमध्ये वेगळा ॲक्सेस पॉइंट लागतोच. तो थेट छताला चिकटवू नका. आपल्याकडे बाहेरच पारा ४५च्या पुढं जातो, आणि घरात वापरायच्या कित्येक डब्यांची मर्यादा ४० अंशांची असते.

ऑफिस ते काटा हे अंतर १०० मीटरच्या आत असलं तर तांब्याची तार चालते. तरी मी तिथं फायबरच, म्हणजे काचेची तार, टाकेन. जवळपास वीज पडली, की दोन इमारतींमधल्या लांब तांब्याच्या तारेत विजेचा लोंढा उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं एकदम जातात. काचेतून वीज वाहत नाही.

वाय-फाय ७चे डबेही बाजारात आलेत. ते राहू द्या. आधी केबल, मग स्विच, मग फायबर, आणि पैसे उरले तर डबा. कामही जून-जुलैतच उरका, जिनिंग बंद असतं तेव्हा. पण ढग गडगडत असताना पोराला शिडीवर चढवू नका.