चिलखतातला सरदार आणि क्रेनची दंतकथा

फ्रेडरिक स्टिबर्टने (1838–1906) फ्लॉरेन्सजवळच्या मॉन्टुघी टेकडीवरचा आपला व्हिला चिलखतं, तलवारी आणि चित्रांनी भरून टाकला. पैसा आजोबांचा, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेचे सेनापती. त्या व्हिलातले चिलखत घातलेले घोडेस्वारांचे पुतळे पाहिले की हटकून तेच ऐकू येतं: इतकं ओझं, म्हणजे सरदाराला क्रेननेच घोड्यावर चढवत असणार!

साफ खोटं. लढाईचं अख्खं चिलखत साधारण 20 ते 25 किलोंचं. तेही नुसतं खांद्यावर लोंबत नाही. पायांचे पत्रे आतल्या जाड अंगरख्याला नाड्यांनी बांधतात, भार अंगभर वाटला जातो. सांध्यांवरच्या पट्ट्या एकमेकींवर सरकतात. कित्येक ठिकाणी रिव्हेटसाठी (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यासाठी) गोल भोकाऐवजी लांबट खाच असते. म्हणून पळता येतं, आपलं आपण घोड्यावरही चढता येतं.

घोळ झाला तो भालाझुंजीच्या, म्हणजे घोड्यावरून भाले घेऊन एकमेकांना भिडायच्या खेळातल्या चिलखतांमुळे. ती 40 किलोंपर्यंत जात, डावी बाजू मुद्दाम जाड. त्यात 19व्या शतकातले विक्रेते निरनिराळ्या संचांचे सुटे भाग जोडून ‘अस्सल’ चिलखत खपवत. असा जोड सांध्यात अडतो आणि छातीवरची नक्षी दंडावरच्या नक्षीशी जुळत नाही. गंज दिसला तरी घासू मात्र नका. त्याबरोबर सोन्याचा मुलामाही जातो.