कॅम्पडेनचा बाजार उठला, पेठ राहिली

आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आहे, तसं इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये चिपिंग कॅम्पडेन. जुन्या इंग्रजीत 'चीपिंग' म्हणजे बाजारच. ('चीप', म्हणजे स्वस्त, हाही त्याच मुळातला शब्द.) गावकरी मात्र 'चिपिंग' म्हणत नाहीत आणि 'प'ही गिळतात, त्यांच्या तोंडी हे नुसतं 'कॅम्डन'.

मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, उतरती छपरं, दाराशी गुलाबाचे वेल हे सगळं फोटोत येतंच. फोटोत येत नाही ती इथल्या रस्त्याची आखणी. हाय स्ट्रीट मध्येच फुगल्यासारखा रुंद होतो, कारण बाजार भरायचा तो तिथे. घरं पुढून अरुंद आणि त्यांची जागा मागे लांबच लांब गेलेली. ही आखणी बाराव्या शतकाच्या अखेरची आहे. ११८०च्या दशकात इथला जहागीरदार ह्यू द गाँडव्हिल याला दुसऱ्या हेन्री राजाकडून बाजाराची सनद मिळाली. मग रस्त्याकडेला सारख्या पट्ट्या पाडून त्या रोख भाड्याने दिल्या. या पट्ट्यांना 'बर्गेज' म्हणत. शेटे-महाजनांना सवलती देऊन आपल्याकडे पेठा वसवल्या जात, त्यातलंच हे गणित: धन्याच्या शेतावर राबणाऱ्या कुळापेक्षा दुकान मांडणारा माणूस जास्त पैसा देतो.

पैसा आला तो मेंढीच्या पाठीवरून. कॉट्सवोल्ड या इथल्या डोंगराळ भागातल्या लांब केसाच्या मेंढ्यांची लोकर फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) मागांवर आणि पार इटलीपर्यंत जायची. ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष आजही लोकरीने भरलेल्या बैठकीवर बसतो, यावरून लोकरीचा तेव्हाचा दबदबा लक्षात यावा. कॅम्पडेनचा विल्यम ग्रेव्हेल हा त्या व्यापारातला बडा शेठ. १४०१ साली तो वारला. सेंट जेम्स चर्चमधल्या त्याच्या पितळी स्मृतिपट्टावर 'सगळ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांचं फूल' असं लॅटिनमध्ये कोरलंय. कुठल्या सरदारानेही हेवा करावा असं बिरुद, आणि ते एका व्यापाऱ्याला! त्याचं घर हाय स्ट्रीटवर अजून उभं आहे.

पुढे कच्च्या लोकरीपेक्षा कापडात पैसा दिसू लागला. कापडाच्या गिरण्यांना वाहतं पाणी लागे. ते स्ट्राउडच्या खोऱ्यांत होतं, कॅम्पडेनला नव्हतं. गावाचं मुख्य आकर्षण असलेली दगडी कमानींची बाजारकमान ही खरं तर या उतरत्या काळातली. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून ती १६२७ साली सर बॅप्टिस्ट हिक्सने बांधली. हा लंडनचा रेशीम-मखमलीचा व्यापारी, राजाला कर्ज देणारा सावकार. १६१२ साली त्याने निराधार वृद्धांसाठी बांधलेली घरंही टिकली. त्याचा स्वतःचा वाडा मात्र १६४५ साली यादवी युद्धात जळाला; उरल्या देवड्या आणि दोन छोट्या मेजवानी-इमारती.

त्यानंतरची दोनेकशे वर्षं फारसं काही घडलं नाही, आणि माझ्या मते गाव वाचलं ते याच कारणाने. हाताशी पैसा असता तर लोकांनी जुनी घरं पाडून नवी विटांची बांधली असती. कोळसा उत्तरेत, गिरण्या उत्तरेत. १८५३ साली रेल्वे आली, तीही गावापासून मैलभरावर थांबली.

१९०२ साली सी. आर. ॲशबी हा वास्तुरचनाकार पूर्व लंडनमधल्या आपल्या 'गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट' या हस्तकारागिरांच्या संघाचे कारागीर बायकामुलांसकट घेऊन इथल्या बंद पडलेल्या रेशीम गिरणीत आला. शेतकऱ्यांच्या गावात एकदम दीडेकशे लंडनकर! गावाने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं नसतं तरच नवल. यंत्राच्या मालापुढे हातकामाचा निभाव लागला नाही आणि पाच-सहा वर्षांत गिल्डचा गाशा गुंडाळला गेला. काही कारागीर मात्र राहिले. हार्ट घराण्याचं चांदीकाम त्याच गिरणीत पुढे चालू राहिलं.

याच काळात शेजारच्या ब्रॉड कॅम्पडेनमध्ये आनंद कुमारस्वामी राहायला आले. त्यांच्यासाठी ॲशबीने एक पडीक नॉर्मन प्रार्थनामंदिर दुरुस्त करून घर केलं. सिंहली कलेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०८ साली तिथेच छापला गेला. भारतीय कलेकडे पाहायला पुढच्या पिढ्यांना शिकवणारा माणूस मेंढपाळांच्या या डोंगराळ कोपऱ्यात छपाईचे खिळे जुळवून घेत होता, हे मला बाजारकमानीपेक्षा जास्त ओढून नेतं.

१९२९ साली चित्रकार एफ. एल. ग्रिग्ज आणि मंडळींनी जुनी घरं राखण्यासाठी 'कॅम्पडेन ट्रस्ट' काढला. १९४०च्या दशकात बाजारकमान विकली जाऊन अमेरिकेला जाते की काय अशी वेळ आली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून ती सोडवली आणि 'नॅशनल ट्रस्ट' या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केली. आज कमानीखाली ओबडधोबड फरशीवर प्रवासी पाय मोकळे करतात. आसपास आठवडी बाजार पाहायचाच असेल तर मंगळवारी मॉर्टन-इन-मार्शला जावं.