दाव्याबरोबर येणारा क्षय

३१ ऑगस्ट २०२१. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर भागातल्या एका शेतावर सरकारी पशुवैद्य पोलिसांना घेऊन आले. तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, अंगभर झगे. दावं बांधलेल्या एका अल्पाकाला त्यांनी ओढत बाहेर काढलं, गाडीत चढवलं आणि त्याच दिवशी त्याला मारण्यात आलं. त्याचं नाव जेरोनिमो. त्याला वाचवा म्हणून लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या होत्या. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. या सगळ्याच्या मुळाशी होत्या चार वर्षांपूर्वी केलेल्या रक्ताच्या दोन चाचण्या.

जेरोनिमो २०१७ मध्ये न्यूझीलंडहून आला होता. निघण्याआधीच्या क्षयाच्या चाचण्यांत काही सापडलं नव्हतं. इंग्लंडमध्ये आल्यावर केलेल्या दोन्ही चाचण्यांनी मात्र त्याला क्षय असल्याचं सांगितलं. म्हणजे एकच जनावर एका देशात निरोगी आणि दुसऱ्या देशात रोगी ठरलं. हे कसं होतं, ते समजून घ्यायचं तर आधी हा प्राणी आणि हा जंतू, दोघांचीही ओळख हवी.

अल्पाका हा उंटाच्या कुळातला, पण बिनवशिंडाचा आणि आकाराने बराच लहान. अँडीज पर्वतातल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी रानटी व्हिकुन्यापासून तो माणसाळवला. आजही सगळ्यात जास्त अल्पाका पेरूमध्येच आहेत. तिथे उंचावरच्या मोकळ्या कुरणांत, विरळ कळपांत चरणाऱ्या या जनावरांत क्षय क्वचितच दिसतो. त्याच्या मऊ लोकरीपायी तो गेल्या काही दशकांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये पोचला, आणि तिथल्या गायीगुरांच्या शेजारी राहायला लागला.

त्या गुरांमध्ये मायकोबॅक्टेरियम बोव्हिस होता. माणसाच्या क्षयाच्या जंतूचा हा सख्खा भाऊ. १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत सांगितलं की गुरांच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही. ते चुकले होते. ब्रिटनने नेमलेल्या आयोगाने १९११ पर्यंत दाखवून दिलं की दुधातून हा रोग माणसांना, विशेषतः लहान मुलांना होतो. आपल्या घरात दूध आणल्या आणल्या उकळायला ठेवतात, ती सवय या जंतूपासूनही वाचवते. आणि आपल्या दंडावर बीसीजीचा जो वण आहे, तो याच जंतूच्या एका दुबळ्या केलेल्या वाणाचा. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १३ वर्षं, सुमारे २३० वेळा तो पुन्हा पुन्हा वाढवून त्याची धार बोथट केली. अशी ही जुनी ओळख आहे.

अल्पाकाच्या शरीरात हा जंतू शिरला की फार नासधूस करतो. फुप्फुसांत गाठी होतात. गाठ कापली तर आत चक्क्यासारखा पांढरट-पिवळा लगदा निघतो. बाहेरून मात्र जनावर चरतंय, कळपाबरोबर फिरतंय. शिकार होणाऱ्या प्राण्यांची ही रीतच आहे, आजार दाखवायचा नाही. त्यात अंगावर भरघोस लोकर, त्यामुळे वाळलेलं अंग नजरेला दिसत नाही. म्हणून अनुभवी पाळणारे लोकरीत बोटं खुपसून पाठीचा कणा चाचपतात. हाड टोकदार लागलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. कधी कधी तेवढीही सूचना मिळत नाही, सकाळी जनावर मेलेलंच सापडतं.

मग चाचणी करून का कळत नाही? गायीची चाचणी अशी असते: ट्युबरक्युलिन नावाचा जंतूचा अर्क मानेच्या कातडीत टोचायचा आणि ७२ तासांनी सूज मोजायची. (हा अर्क कॉख यांनी १८९० मध्ये क्षयावरचं औषध म्हणून जाहीर केला होता. औषध म्हणून तो फसला, पण निदानासाठी आजही वापरात आहे.) अल्पाकाला तो काखेत टोचतात, कारण तिथे लोकर नसते. पण रोगी अल्पाकाची कातडीसुद्धा पुष्कळदा सुजत नाही. सूज आली तर रोग असण्याची शक्यता दाट. नाही आली तर काहीच सांगता येत नाही. जेरोनिमोसारख्या निर्यातीच्या जनावरांचे निर्दोष दाखले वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं. दाखला खोटा नसतो, पण त्याचा आवाका तेवढाच असतो.

म्हणून रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीर तयार करतं ती द्रव्यं, शोधणाऱ्या चाचण्या आल्या. त्या जास्त रोगी जनावरं पकडतात, विशेषतः काही दिवस आधी ट्युबरक्युलिन टोचलं असेल तर. वाद पेटला तो इथेच. जेरोनिमोच्या मालकिणीचं म्हणणं, ट्युबरक्युलिनच्या टोचण्यांमुळेच माझ्या निरोगी जनावराच्या रक्तात प्रतिपिंडं आली. सरकारी शास्त्रज्ञांचं म्हणणं, ज्याला आधी लागण झाली आहे त्याचीच प्रतिपिंडं अशी उसळतात. यात एक साधं गणितही आहे. समजा हजार अल्पाकांत पाचच रोगी आहेत आणि चाचणी शंभरातल्या एका निरोगी जनावराला चुकून रोगी ठरवते. मग जवळपास दहा निरोगी जनावरं यादीत येतील, म्हणजे खऱ्या रोग्यांच्या दुप्पट. तेव्हा चाचणी किती चांगली, एवढंच विचारून भागत नाही. ती कुठल्या कळपावर केली, हेही विचारावं लागतं.

मला खरी काळजी वाटते ती व्यापाराची. अल्पाका एकटा राहत नाही, झुरतो. त्यामुळे दोन-तीन अशी जोडीनेच विक्री होते. पैदाशीचा नर गाडीत घालून शेतोशेती फिरवतात, किंवा मादीला पिल्लासकट नराच्या शेतावर नेतात. मादी ठरावीक दिवसांनी माजावर येत नाही. नर लागू केल्यावरच तिचं बीज सुटतं. ती गाभण राहिली का हे पाहायला काही दिवसांनी नर पुन्हा तिच्यासमोर आणतात. गाभण असेल तर ती मान ताणून, पोटातला हिरवा आंबूस चोथा त्याच्या तोंडावर थुंकते, आणि मालक खूश होतो. आता त्या दोघांपैकी एकाच्या फुप्फुसात गाठी आहेत असं धरा. हातभर अंतरावर दोन तोंडं, मध्ये श्वास आणि थुंकीचा फवारा. दुसऱ्या दिवशी तोच नर पुढच्या शेतावर जाणार.

इंग्लंडमध्ये क्षयाच्या पट्ट्यातली गाय विकायची तर २००६ पासून आधी चाचणी सक्तीची आहे. अल्पाकाला ती सक्ती नव्हती. गायीचा जन्मापासूनचा हिशेब पासपोर्टावर असतो, अल्पाकाचा तसा नव्हता. जे मालक स्वतःहून चाचण्या करत, नवीन जनावर महिनोन्‌महिने वेगळं ठेवत, त्यांच्या चांगुलपणावर सगळा कारभार चालला. अशा मालकांना चाचणीत दोष निघाला तर जनावर गमावण्याची भीती, आणि जे तपासतच नाहीत ते निश्चिंत. हे मला मान्य होत नाही. रोग माणसापर्यंतही येऊ शकतो. क्षयाची लागण झालेल्या अल्पाकाच्या संपर्कानंतर एका ब्रिटिश पशुवैद्याला त्वचेचा क्षय झाल्याचं २०१० मध्ये नोंदलं गेलं.

न्यूझीलंडमध्ये हा जंतू पोचला तो युरोपियांच्या गुरांबरोबर. फरच्या धंद्यासाठी १८३७ मध्ये ऑस्ट्रेलियातून पॉसम हे मांजराएवढे, झाडांवर राहणारे प्राणी आणले गेले. पुढे हाच प्राणी जंतूचा रानातला आसरा झाला आणि तिथून गुरांना पुन्हा पुन्हा लागण होऊ लागली. इंग्लंडमध्ये ती जागा बॅजरने, म्हणजे बिळात राहणाऱ्या एका रानटी प्राण्याने, घेतली आहे. दोन्ही देशांतल्या जंतूंची जनुकीय ठेवण वेगळी. ब्रिटनमध्ये तर प्रत्येक भागाचा ठरलेला वाण असतो. त्यामुळे परक्या वाणाचा जंतू एखाद्या कळपात सापडला, तर तो गाडीतून आला असं बहुधा सांगता येतं.

जेरोनिमोच्या शवविच्छेदनात क्षयासारख्या दिसणाऱ्या काही गाठी सापडल्या. त्यांतला नमुना वाढीसाठी ठेवला. हा जंतू फार सावकाश वाढतो, आठवडेच्या आठवडे लागतात. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आला: जंतू उगवलाच नाही. जिवंत जंतू नाही म्हणजे त्याची जनुकीय ओळखही नाही. त्या गाठी क्षयाच्याच असतील, तर तो पॉसमच्या मुलखातून समुद्र ओलांडून आला की ग्लॉस्टरशरच्या बॅजरकडून लागला, हे त्यामुळे तपासताच आलं नाही.