घाम फुटला की काढा बंद

वजन उतरवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असते: 'पूर्णपणे वनस्पतीजन्य, त्यामुळे कोणताही दुष्परिणाम नाही.' या वाक्यातला 'त्यामुळे' मला दर वेळी खटकतो. कण्हेर, धोतरा आणि बचनाग यादेखील वनस्पतीच आहेत आणि त्या तोंडात घालायच्या नसतात, हे आपल्याकडे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. पण मला इथे सांगायची आहे ती याहून गुंतागुंतीची गोष्ट. एकच वनस्पती, जवळपास तेवढ्याच मात्रेत, एका रीतीने दिली तर औषध ठरते आणि दुसऱ्या रीतीने दिली तर माणसाचा जीव घेऊ शकते. चिनी वैद्यकातील मा-ह्वांग ही अशी वनस्पती आहे.

मा-ह्वांग म्हणजे वनस्पतिशास्त्रातील एफेड्रा. उत्तर चीन आणि मंगोलियाच्या कोरड्या प्रदेशात उगवणारे हे झुडूप खराट्यासारखे दिसते, कारण त्याची पाने जवळजवळ नाहीशी झालेली असतात आणि प्रकाशसंश्लेषणाचे काम हिरव्या काड्याच करतात. शाळेत शिकलेल्या वर्गीकरणानुसार ते अनावृतबीजी, म्हणजे चीड आणि सायकस यांच्या गोतावळ्यातले. औषधात वापरतात त्या या काड्या. मुळाचा उपयोग चिनी वैद्य नेमका उलट, म्हणजे घाम थांबवण्यासाठी करतात.

सुमारे 1800 वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग या वैद्याने थंडीमुळे होणाऱ्या आजारांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात मा-ह्वांगचा प्रसिद्ध काढा आहे. ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि दम लागणे ही लक्षणे असतील आणि अंगाला घाम नसेल, तर काड्या, दालचिनीच्या डहाळ्या, जर्दाळूच्या बिया आणि ज्येष्ठमध यांचा काढा द्यावा, असे तो सांगतो. काड्या आधी एकट्या उकळायच्या आणि वर येणारा फेस काढून टाकायचा. काढा घेऊन रुग्णाने पांघरूण ओढून पडायचे आणि हलका घाम आला की उरलेला काढा घ्यायचा नाही. ज्यांच्या नाकातून वारंवार रक्त येते, ज्यांना लघवीचा त्रास आहे, ज्यांना आधीच फार घाम येतो, त्यांना घाम आणणारी औषधे देऊ नयेत, असेही त्याच ग्रंथात आहे. नंतरच्या एका विद्वानाने फेस काढण्याचे कारण दिले: फेसामुळे माणूस अस्वस्थ होतो. फेसाचा आणि अस्वस्थतेचा संबंध त्याने जोडला तसाच असेल असे नाही, परंतु हे औषध माणसाला बेचैन करते हे निरीक्षण अचूक होते.

ही बेचैनी कशाची, हे कळायला 1885 साल उजाडावे लागले. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी या काड्यांमधून इफेड्रिन वेगळे केले. 1924 मध्ये पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजात के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी दाखवून दिले की इफेड्रिनचे काम ॲड्रेनालिनसारखे असून ते तोंडाने घेतले तरी टिकते. दम्याच्या रुग्णाला तोवर ॲड्रेनालिनचे इंजेक्शन टोचून घ्यावे लागे. त्यामुळे हा शोध केवढा मोठा होता, याची कल्पना यावी.

तोंडाने घेतले तरी ते का टिकते, या प्रश्नाचे उत्तर मला फार आवडते. ॲड्रेनालिनच्या रेणूत कार्बनचे एक षट्कोनी वलय असते आणि त्यावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी बसलेले असतात. आतड्यातले आणि यकृतातले एक विकर नेमकी हीच जोडी हुडकून रेणू निकामी करते. इफेड्रिनच्या वलयावर ही जोडी नाहीच. दुसरे एक विकर रेणूची नायट्रोजनकडची शेपटी तोडते, पण इफेड्रिनच्या शेपटीशेजारी एक मिथिल गट आडवा बसलेला असल्याने त्याला तिथवर पोचता येत नाही. दोन्ही पहारेकऱ्यांना चुकवून रेणू रक्तात उतरतो आणि मेंदूपर्यंतही जातो. शिवाय या रेणूत दोन कार्बन असे आहेत की त्यांच्याभोवतीच्या गटांची मांडणी प्रत्येकी दोन रीतींनी होऊ शकते. त्यामुळे एकाच सूत्राची चार रूपे संभवतात. त्यांतले एक रूप इफेड्रिन आणि दुसरे स्यूडोइफेड्रिन, म्हणजे सर्दीच्या काही गोळ्यांत असलेले, नाक मोकळे करणारे औषध.

यापुढचा भाग अधिक मजेदार आहे. इफेड्रिन हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या ग्राहींना, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या जागांना, थोडेफार स्वतः चेतवते, पण त्याचे मोठे काम आडवाटेने होते. स्वायत्त चेतातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनालिन, म्हणजे ॲड्रेनालिनचे संदेशवाहक भावंड, साठवलेले असते. ते वापरून झाले की परत आत ओढून घेणारा एक पंप तिथे असतो. इफेड्रिन या पंपातूनच आत शिरते आणि अरबाच्या तंबूत शिरलेल्या उंटाप्रमाणे मूळ मालकाला, म्हणजे नॉरॲड्रेनालिनला, बाहेर ढकलते. चेतातंतूतून कोणताही आदेश आलेला नसताना रक्तदाब चढतो, हृदय धडधडू लागते, श्वासनलिका सैलावतात, शरीरात उष्णता वाढते, झोप उडते. साठा संपत आला की पुढच्या मात्रेचा परिणाम घटतो. मग जो माणूस परिणामाच्या मागे लागला आहे, तो मात्रा वाढवतो.

आता कॅफिनचा विचार करा. ॲडिनोसिन नावाचा पदार्थ चेतातंतूंच्या टोकांवर लगाम ठेवतो आणि नॉरॲड्रेनालिन फार सुटू देत नाही. कॅफिन हा लगाम सोडवते. अमेरिकेत 1994 च्या पूरक आहार कायद्यानंतर ज्या गोळ्यांचा सुळसुळाट झाला, त्यांत मा-ह्वांगबरोबर बहुधा कॅफिनचे एखादे वनस्पतीजन्य रूप घातलेले असे.

थोडा हिशोब मांडतो. चीनच्या औषधसंहितेत मा-ह्वांगची मात्रा 2 ते 10 ग्रॅम आहे आणि काड्यांत इफेड्रिन व स्यूडोइफेड्रिन मिळून किमान 0.8 टक्का असावे लागते. म्हणजे 10 ग्रॅमला किमान 80 मिलिग्रॅम, अर्थात त्यातले सगळे काढ्यात उतरत नाही. वजनाच्या गोळ्यांची दिवसाची मात्रा पुष्कळदा याच पट्ट्यात असे. मग फरक कुठे पडला? काढ्याला थांबण्याची खूण होती: घाम. वजनाच्या मागे लागलेल्याला अशी खूण कधीच मिळत नाही, म्हणून गोळी महिनोन्‌महिने चालू राहते, तीही नाडी न पाहता आणि कॅफिनच्या जोडीने. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये सुचवलेले निर्बंध वाचले की गंमत वाटते: दिवसाला 24 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, सात दिवसांपेक्षा जास्त काळ नको, कॅफिनबरोबर नको. ते निर्बंध त्या वेळी अमलात आलेच नाहीत.

फेब्रुवारी 2003 मध्ये स्टीव्ह बेकलर हा 23 वर्षांचा बेसबॉलपटू फ्लोरिडातील सरावात उष्माघाताने कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. त्याच्या शरीराचे तापमान 108 अंश फॅरनहाइटपर्यंत गेले होते. तो मा-ह्वांग असलेली गोळी घेत होता. त्याचा रक्तदाबही पूर्वीपासून वाढलेला होता आणि मृत्यूला गोळीचाही हातभार लागला, असे वैद्यकीय तपासणीत म्हटले गेले. इफेड्रिन त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे आत तयार झालेली उष्णता बाहेर पडायची वाट अरुंद होते. त्याच वर्षी उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. या गोळ्यांनी महिन्याला सुमारे 0.9 किलो वजन जादा उतरते, मात्र धडधड, पोटाच्या आणि मानसिक तक्रारींची शक्यता दुपटीहून अधिक होते, असे त्यात आढळले. एप्रिल 2004 पासून अशा पूरक गोळ्यांवर तिथे बंदी आली. चिनी वैद्यांनी पारंपरिक पद्धतीने दिलेल्या मा-ह्वांगला या बंदीतून वगळले गेले.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइडची अतिसक्रियता, काचबिंदूचा एक प्रकार आणि वाढलेले प्रोस्टेट असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी, या वनस्पतीपासून दूर राहावे. पार्किन्सन्सवरची आणि नैराश्यावरची काही औषधे वर सांगितलेल्या शेपटी तोडणाऱ्या विकराला बंद पाडतात. ती घेणाऱ्यांच्या चेतातंतूंत नॉरॲड्रेनालिनचा साठा फुगलेला असतो, आणि उंट तंबूत शिरला की रक्तदाब एकदम भडकतो. प्रोस्टेटच्या रुग्णाची लघवी अडणे आणि झांग झोंगजिंगने लघवीच्या रुग्णांना केलेली मनाई यांचा मेळ बसतो. हा योगायोगही असू शकतो. मात्र काढ्याचा गुण खरा निघाला म्हणून फुप्फुसातील 'ची', म्हणजे चिनी वैद्यकाने मानलेली प्राणशक्ती, मोकळी होते हे स्पष्टीकरणही खरे ठरते, असे मानू नये. सोमरस तो हाच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनाही हीच सूचना. मुंबईतल्या अग्यारींत पारशी धर्मगुरू यस्नाच्या विधीत एफेड्राच्याच काड्या 'होम' म्हणून कुटतात हे खरे, पण त्याने वैदिक सोमाचा प्रश्न सुटत नाही.

इफेड्रिन आजही रुग्णालयात असते. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ त्याचे इंजेक्शन शिरेतून देतात, तेही मॉनिटरवर नजर ठेवून, काही मिलिग्रॅम एका वेळी. दम्यासाठी मात्र 1960 च्या दशकाअखेरीस आलेल्या साल्ब्युटामॉलने त्याची जागा घेतली, कारण ते प्रामुख्याने श्वासनलिकांवर काम करते आणि हृदयाला तुलनेने कमी छेडते. गोळ्यांचे कारखानदार बंदीनंतरही डगमगले नाहीत. त्यांनी डब्यांवर 'एफेड्रामुक्त' असे ठळक छापले आणि आत कडू संत्र्याचा अर्क घातला. त्यातले सायनेफ्रिन ॲड्रेनालिनचेच आणखी एक भावंड आहे, आणि कॅफिन होते तिथेच राहिले.