गेम बॉयची कॅसेट : आतील इलेक्ट्रॉनिक भाग

निंटेंडोच्या गेम बॉय (१९८९) या हातात मावणाऱ्या यंत्रात खोचायची प्लास्टिकची कॅसेट. आत टेप नसून छोटा सर्किट बोर्ड असतो. त्याच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेल्या ३२ पट्ट्या असतात : १६ मेमरीतल्या जागेचा पत्ता सांगण्यासाठी, ८ डेटासाठी, बाकीच्या वीज, आवाज व नियंत्रणासाठी.

खेळ असतो तो मास्क रॉममध्ये. त्यातला प्रोग्रॅम कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे तो पुसला जात नाही. प्रोसेसरला मात्र एका वेळी ३२ केबी रॉमच दिसते. ‘टेट्रिस’ तेवढ्यात बसतो, म्हणून त्याला वेगळी चिप लागत नाही. मोठ्या खेळांत एमबीसी (मेमरी बँक कंट्रोलर) ही चिप असते. पहिले १६ केबी सहसा जागेवर ठेवून उरलेल्या १६ केबीत ती रॉमचा हवा तो भाग आळीपाळीने आणते. तिचा एमबीसी५ हा प्रकार अशी ८ एमबीपर्यंत रॉम हाताळतो. अख्ख्या कॅसेटमधली सर्वांत कौतुकाची करामत हीच.

प्रगती जतन करणाऱ्या अनेक खेळांत खेळाडूची प्रगती एसरॅम या मेमरीत राहते आणि वीज तुटताच ती जाते. म्हणून बोर्डावर ३ व्होल्टचा लिथियम सेल (सीआर१६१६ किंवा सीआर२०२५) डाखलेला असतो. ‘पोकेमॉन गोल्ड’मध्ये ३२,७६८ हर्ट्‌झचा क्रिस्टल व घड्याळही आहे, ते बंद कॅसेटमध्येही चालू राहते, त्यामुळे सेल लवकर उतरतो.

सेल संपला म्हणून कॅसेट टाकून देऊ नये. गेलेली असते ती फक्त जतन केलेली प्रगती. कोल्हापुरात सेल बदलण्याचे काम राजारामपुरी-शाहूपुरीकडच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या हातचे आहे. घड्याळाच्या दुकानातल्या साध्या सेलला पाय (बोर्डाला जोडायच्या धातूच्या पट्ट्या) नसतात आणि त्यावर थेट सोल्डरिंग केले तर उष्णतेने तो बिघडतो, फुटूही शकतो. पाय जोडलेलाच सेल आणावा. जुन्यात जीव असेल तर आधी कार्ड रीडरसारख्या उपकरणाने प्रगती उतरवून घ्यावी, कारण सेल काढताच ती जाते.

इथल्या पावसाळी दमट हवेत कॅसेटच्या कडेच्या पट्ट्या काळवंडतात व खेळ सुरू होत नाही. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा ओलावा आणखी बसतो. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट खोचावी.

गेम बॉय अॅडव्हान्सच्या (२००१) अनेक कॅसेटींत विजेशिवायही टिकणारी फ्लॅश मेमरी आली. ‘पोकेमॉन रुबी’त सेल केवळ घड्याळासाठी आहे, तो संपला तरी प्रगती जतन होते, फक्त घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी थांबतात, जसे खेळात लावलेली बेरीची झाडे वाढत नाहीत.